स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची संध्याकाळ कशी सांभाळावी

स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांचा दिवस बऱ्याचदा बरा जातो आणि दिवेलागणीला बिनसते. स्वतःच्याच घरात बसलेल्या आजी ‘मला घरी जायचंय’ म्हणू लागतात, पिशवी भरतात, दाराची कडी काढू पाहतात, नाहीतर कामावरून परतलेल्या मुलावर पैसे चोरल्याचा आळ घेतात. डॉक्टर याला ‘सनडाउनिंग’ म्हणतात. दिवसभराचा थकवा, झोप-जागेपणाचे बिघडलेले चक्र, मंद उजेड आणि घरात एकदम वाढलेली वर्दळ ही त्याची कारणे मानली जातात, आणि त्यांतली बरीचशी घरच्यांना आवरता येतात.

मात्र बेचैनी एक-दोन दिवसांत अचानक वाढली असेल, तर तो आजाराचाच भाग समजून स्वस्थ बसू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, शरीरातले पाणी कमी होणे, सांगता न येणारे दुखणे किंवा सर्दीची, झोपेची नवी गोळी यांमुळेही असे होते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. निदानाच्या वेळी बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासले नसतील तर तेही तपासून घ्यावेत. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास आढळते आणि ती भरून काढता येते.

संध्याकाळची तयारी सकाळीच सुरू होते. सकाळच्या उन्हात थोडे चालणे व्हावे, दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ नये आणि चारनंतरचा चहा शक्यतो टाळावा, जे आपल्याकडे बोलायला सोपे आणि करायला अवघड आहे. नाहीच जमले तर अर्धा कप द्यावा. अंधार पडायच्या आधीच दिवे लावून पडदे ओढून घ्यावेत, कारण काळोख्या खिडकीच्या काचेत दिसणारे स्वतःचेच प्रतिबिंब परका माणूस वाटू शकते. मालिकांमधली भांडणे आणि बातम्यांचा आरडाओरडाही त्यांना आपल्याच घरात चालल्यासारखा वाटतो, म्हणून त्या वेळी टीव्ही बंद ठेवलेला बरा. त्याऐवजी हाताला काम द्यावे. काल काय घडले ते आठवत नसले, तरी वाती वळणे, मेथी निवडणे, मटार सोलणे ही हातांची सवय पुष्कळ काळ टिकते. निवडलेल्या भाजीत देठे राहिली तर ती नंतर, त्यांच्या नजरेआड काढावीत.

‘घरी जायचंय’ याला ‘अहो, हेच तर तुमचं घर’ हे उत्तर खरे असले तरी उपयोगाचे नाही. त्याने वाद पेटतो. ‘घरी कोण कोण असतं? अंगणात काय लावलं होतं?’ असे विचारावे, ऐकावे आणि मग ‘आधी जेवून घेऊ’ म्हणून विषय हळूच वळवावा. यात फसवणूक आहे असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. वारलेल्या आईची वाट पाहणाऱ्या बाईला रोज ‘ती गेली’ असे सांगणे म्हणजे रोज नव्याने सुतक देणे आहे.

दाराला सहज नजरेस न पडणारी कडी लावावी, पण कुलूप घालून त्यांना एकटे सोडून जाऊ नये. खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी, आणि सोसायटीच्या वॉचमनला व कोपऱ्यावरच्या वाण्याला आजाराची कल्पना न लाजता द्यावी.

डोनेपेझिल, मेमॅन्टिन यांसारखी औषधे काहींची लक्षणे काही काळ सौम्य करतात, आजार थांबवत नाहीत. शांत करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी या रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, त्यामुळे त्यांचा डोस परस्पर वाढवू नये.

हा सगळा भार बहुतेक घरांत एकट्या सुनेवर किंवा मुलीवर पडतो. रात्रीच्या पाळ्या घरात वाटून घ्याव्यात. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मार्गदर्शन करते आणि सांभाळणाऱ्याचेच मन थकले असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. ‘मलाही हे होईल का?’ ही भीती मुलांना असतेच. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ साली बदलता येण्याजोगे १४ धोके मोजले असून, ते सगळे दूर झाले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा अंदाज आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, तंबाखू, एकटेपणा, उपचार न केलेला बहिरेपणा आणि अधू दृष्टी हे त्यांतले काही. तेव्हा आजींना दाखवायला नेताना मुलासुनेनेही तिथेच आपला रक्तदाब मोजून घ्यावा, आणि कानाचे मशीन ‘म्हातारपणी बघू’ म्हणून पुढे ढकलू नये.