पुडा उलटा करा, मग पैसे द्या

माझं डिचोलीच्या बाजारात किराणा दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. ओळखीत कुणाला शुगर निघाली की काउंटरवर वाद ठरलेला. एकजण म्हणतो, माणसाचा जिभेवर ताबा नको? दुसरा म्हणतो, कंपन्यांनीच चटक लावली. बोलून होतं, आणि दोघांच्याही पिशवीत नेहमीचाच माल जातो. मला ही गोष्ट साधी वाटत नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले, त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त आपल्या गोव्यात निघालं, २६.४ टक्के. देशाचं ११.४.

घरात काय आणायचं हे ठरवणं आपलं काम. ते नीट ठरवता येईल इतकं खरं आणि ठळक सांगणं कंपनीचं काम. कंपन्या आपलं काम अर्धंच करतात, म्हणून आपल्याला थोडं शिकून घ्यावं लागतं.

सगळ्यात आधी, काय खायचं ते दुकानातच ठरवा. रात्री टीव्हीसमोर बसल्यावर डब्यात वेफर्स असतील तर ते संपणार. नसतील तर जुलैच्या पावसात छत्री उघडून कुणी आणायला जात नाही. म्हणून यादी घरून लिहून आणा आणि यादीबाहेरचं काही उचललंत तर ते पैसे देण्याआधी वाचा. काउंटरच्या तोंडाशी छोट्या पुड्यांच्या ज्या लड्या लटकतात त्या आपोआप तिथे आलेल्या नसतात. सेल्समन येतो, स्टँड फुकट देतो, दर्शनी जागा मागतो. थंड पेयांचा फ्रीजही मिळतो, फक्त आत त्यांचाच माल ठेवायचा. पाच-दहा रुपयांच्या पुड्याची किंमत तशीच ठेवून वजन उतरवतात, कारण दहाची नोट मुलाच्या हातात सहज दिली जाते. एवढी तयारी करून ठेवलेल्या जागेवर माणसाचा हात गेला, तर सगळा दोष त्याच्या जिभेचा म्हणायला माझं मन धजत नाही.

आता पुडा उलटा करा. पुढच्या बाजूला नाचणीचं कणीस, मध, शेतकरी, काहीही असू शकतं. मागे घटकांची यादी असते आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. पहिले तीन घटक वाचले की माल कशाचा बनलाय ते कळतं. पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल असेल, तर पुढे नाचणीचं चित्र असून उपयोग काय? ज्या घटकाचा पुढे गाजावाजा केलाय त्याचं प्रमाण यादीत कंसात टक्क्यांनी लिहिलेलं असतं. ते शोधा. साखरही एका नावाने येत नाही. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज अशी तिची तीन-चार नावं यादीत वेगवेगळी विखुरली की प्रत्येक नाव खाली सरकतं आणि साखर कमी असल्यासारखी दिसते.

यादीतल्या आयएनएस आकड्यांना, म्हणजे रंग, आम्ल, टिकवणारे पदार्थ अशांच्या सांकेतिक क्रमांकांना, मात्र घाबरू नका. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबात असतं तेच. लोक त्या आकड्यांचे फोटो एकमेकांना पाठवत बसतात आणि साखर, मीठ, तेल राहूनच जातं.

त्यानंतर पोषणाचा तक्ता. इथे गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आकडे बहुतेक वेळा १०० ग्रॅमचे किंवा १०० मिलिलिटरचे असतात, पुडा वेगळ्याच वजनाचा. आधी पुड्याचं वजन बघा आणि हिशेब करा. थंड पेयात १०० मिलिलिटरला साधारण ११ ग्रॅम साखर असेल, तर २५० ची बाटली संपवली की २७ ग्रॅम पोटात गेली. पाच-सहा चमचे. बाजूला रोजच्या गरजेची टक्केवारी असते, तीही जपून वाचा. लेबलवरचे टक्के दिवसाला ५० ग्रॅम वरून घातलेली साखर धरून काढलेले असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारसूत्रं काढली, त्यांत २० ते २५ ग्रॅमच्या वर जाऊ नका असं सांगितलंय. म्हणजे पुड्यावर पन्नास टक्के दिसलं तर त्या हिशेबाने दिवसाचा वाटा पुरा झाला. शिवाय हे टक्के एका सर्व्हिंगचे, म्हणजे एका वेळी खायच्या वाट्याचे असतात, आणि सर्व्हिंग किती मोठं ते कंपनी ठरवते. तीन बिस्किटांवर थांबणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

मिठाच्या जागी सोडियम लिहितात. त्याला अडीचने गुणलं की मीठ. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, आणि दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅम.

अगदी छोट्या पुड्यांवर हा तक्ता सापडणार नाही. १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान वेष्टनाला त्यातून सूट आहे, माहिती बाहेरच्या मोठ्या खोक्यावर असते. दुकानदाराकडे ते खोकं मागा. माझ्याकडे कुणी मागितलं तर मी काढून दाखवतो. मुलं सगळ्यात जास्त घेतात ते हेच पुडे, आणि माहिती नेमकी त्यांच्यावरच नाही, हे मला अजिबात मान्य नाही.

पुड्याबाहेरचं खाणं आपल्यालाच मोजायचं असतं. पावसाळ्यात पेजेबरोबर खारा बांगडा आणि लोणचं दोन्ही घेतलं की मिठाची मर्यादा घरच्या ताटातच ओलांडली जाते. जत्रेतलं खाजं आपल्या मातीतलं म्हणून त्यातला गूळ कमी होत नाही. पातळ भाजीवर शेव, सोबत भजी आणि दोन पाव, वर गोड चहा, ही सकाळ रोज झाली तर तिचा दोष कुठल्या कंपनीवर टाकणार? पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोळी (कोंड्याचा पाव) घेणं, सकाळी नाचणीचं तिजान, म्हणजे खीर, करणं, कोकम सरबत घरी कमी साखरेचं करणं, हे सगळं आपल्या हातातलं आहे आणि तुलनेने स्वस्तही आहे.

पण आठ वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा करता येत नाही. शाळेसाठी नियम आहे. जास्त साखर, मीठ, तेल असलेले पदार्थ शाळेच्या आवारात किंवा फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत, जाहिरातही करायची नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हा नियम २०२० साली काढला. पालक-शिक्षक संघाच्या सभेत हा विषय नाव घेऊन मांडा, अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. मुलाला मात्र 'तू हावरट' असं म्हणू नका. त्याला पुडा उलटा करायला शिकवा. दहा-बारा वर्षांच्या मुलांना गुणाकार येतो, आणि साखरेचे चमचे मोजायला त्यांना आवडतं.

चिलीमध्ये २०१६ पासून जास्त साखरेच्या, जास्त मिठाच्या मालावर पुढेच काळा अष्टकोनी शिक्का असतो, वाचायला चष्मा लागत नाही. आपल्याकडे २०२२ साली माल किती पौष्टिक त्याप्रमाणे पुड्यावर तारे देण्याचा मसुदा निघाला. मला तारे पसंत नाहीत. तारा बघून माणसाला माल चांगला वाटतो, मग तो दीडच तारा का असेना. आपल्याला इशारा हवाय, आणि तो मराठी-कोकणीत हवा, कारण माझ्या दुकानात येणाऱ्या कितीतरी आजींना इंग्रजी बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.

पुड्यावरचा दावा खोटा वाटला तर पुढची-मागची बाजू, बॅच नंबर आणि बिल यांचे फोटो काढा. तक्रार प्राधिकरणाच्या फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर करता येते, किंवा बांबोळीला राज्याच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयात. बिल नसेल तर दुकानदाराकडे मागून घ्या, आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत रिकामा पुडा टाकू नका.