कॉलेजातलं नीतिचर्चा केंद्र: या चुका टाळा, नाहीतर उरतो फक्त फलक

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात नीतिचर्चा केंद्र, म्हणजे काय योग्य आणि काय अयोग्य यावर मुलांनी एकत्र बसून बोलायची जागा, सुरू होऊन सहा वर्षं झाली. पहिल्या दोन वर्षांत करता येतील तेवढ्या चुका आम्ही करून घेतल्या. तुमच्याकडे असं केंद्र निघत असेल, किंवा निघून थंड पडलं असेल, तर खालचं वाचा.

पहिली चूक उद्घाटनाच्या दिवशीच होते. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मग पाहुण्यांचं 'मूल्यशिक्षण काळाची गरज' या विषयावर सव्वा तास भाषण. व्याख्यान ऐकण्याची आपली सवय जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, आणि ती चांगलीच गोष्ट झाली. पण ऐकून नीती कळते हा गैरसमज केंद्राच्या मुळावर येतो. मुलं भाषणाला येतात, हजेरी लावतात, मागच्या दाराने कॅन्टीनला जातात. आम्ही आता वर्षाला एकच व्याख्यान ठेवतो, तेही जूनमध्ये नाही. बाकीच्या बैठकांत पाहुणा नसतो. एक कागद असतो आणि त्याच्याभोवती बसलेली माणसं असतात.

त्या कागदावर काय असावं, इथे दुसरी चूक होते. पुस्तकातलं प्रकरण उचलायचा मोह पडतो. फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये मांडलेलं ते भरधाव ट्रामचं कोडं मीही उचललं होतं: पाच जणांना वाचवायला ट्राम एकाच्या अंगावर वळवायची का? दहा मिनिटांत एक मुलगा म्हणाला, "सर, पण ड्रायव्हरने हॉर्न का नाही वाजवला?" सगळे हसले आणि बैठक तिथेच संपली. त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या गावात ट्राम नाही, आणि ट्रामखालचे ते सहा जण त्याचे कोणी लागत नाहीत.

प्रकरण आवारातलं घ्या. मित्राची प्रॉक्सी लावणं, मेसचं बिल वाटून घेताना सुट्टीवर गेलेल्याला धरणं, सर्वेक्षणाचे फॉर्म घरी बसून भरणं. आमच्याकडे सगळ्यांत जास्त चाललेलं प्रकरण प्रयोगशाळेतलं होतं. एस.वाय.च्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, एका मुलीने बार पेंडुलमचा प्रयोग केला: धातूची पट्टी टांगून झुलवायची, तिच्या आंदोलनांचा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचं. गुरुत्वत्वरणाची किंमत ९८०च्या आसपास यायला हवी, तिची आली १०८४. शेजारची म्हणाली, "रीडिंग बसव ना, सगळेच बसवतात." म्हणजे उत्तर जुळेल असे आकडे लिहून टाक. जर्नल उद्या तपासायचं होतं. तिने काय करावं? एवढंच, अर्ध्या पानात, मराठीत. इंग्रजीत लिहिलेला कागद वाचताना मुलं आधी मनात भाषांतर करतात, विचार त्यानंतर.

तिसरी चूक म्हणजे चर्चेची वादविवाद स्पर्धा करणं. आमच्याकडे 'बाजूने' आणि 'विरुद्ध' अशा दोन रांगा लावल्या की मुलांना लगेच स्फुरण चढतं, पण मग कोणी मत बदलत नाही, कारण बदललं की हरलो. न्यायसूत्रं या तर्कशास्त्रावरच्या प्राचीन भारतीय ग्रंथात याची नेमकी वर्गवारी आहे. खरं काय ते शोधायला बोलणं हा वाद, जिंकायला बोलणं हा जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं खोडत बसणं ही वितंडा. रोजच्या मराठीत 'वाद' म्हणजे भांडण झालं, यातच काय ते आलं. शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक रॉबर्ट लॅडेन्सन यांनी १९९३ साली 'एथिक्स बोल' ही संघांची नीतिचर्चा स्पर्धा सुरू केली, ती स्पर्धा असूनही या खड्ड्यात पडत नाही. तिथे प्रकरणं आधीच हाती देतात. दोन संघांनी उलट बाजू घ्यायची सक्ती नसते, दोघांचं एकमत झालं तरी चालतं. परीक्षक पाहतात ते एवढंच, की विचार किती नीट केला आणि समोरच्याचा मुद्दा किती प्रामाणिकपणे घेतला.

कोणी बोलतच नाही, ही तक्रार मला सगळ्यांत जास्त ऐकू येते. बहुतेक वेळा दोष आपला असतो. प्रश्न विचारून आपण तीन सेकंदांत स्वतःच उत्तर देतो. आमचा उपाय साधा आहे: पाच मिनिटं सगळ्यांनी चिठ्ठीवर लिहायचं, नाव नको, मग चिठ्ठ्या मिसळून दुसऱ्याची चिठ्ठी वाचायची. दुसऱ्याचं मत वाचायला कोणी लाजत नाही. आणि शिक्षकाने शेवटी बोलायचं. मला हे अजून जमत नाही, म्हणून मी तोंडात लवंग ठेवतो.

याच्या उलटही होतं: सगळे बोलतात आणि शेवटी "ज्याचं त्याचं मत" म्हणून उठतात. तिथे विचारा की यात नुकसान कोणाचं, आणि तो माणूस इथे बसला असता तर तुम्ही हेच वाक्य म्हणाला असतात का.

नियम वाचून दाखवला की नीती शिकवून झाली, असं समजू नका. वाङ्मयचौर्याबद्दल यूजीसीचे २०१८चे नियम आहेत. त्यांत प्रबंधाचं दुसऱ्याच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही आणि साठ टक्क्यांच्या पुढे गेलं तर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते. हे सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, "म्हणजे दहा टक्के चोरी चालते?" ही चर्चेची उत्तम सुरुवात आहे, पण नियम सांगून निघून जाणाऱ्या शिक्षकाला ती कधी ऐकू येत नाही. स्पर्धापरीक्षावाल्यांचंही असंच. यूपीएससीने २०१३ पासून नीतिशास्त्राचा अडीचशे गुणांचा पेपर ठेवला, तेव्हापासून नोट्स मागायला येणारी मुलं असतात. त्यांना हाकलू नका. फक्त नोट्स देऊ नका.

आता जी चूक खरंच महागात पडते ती. चर्चेत कधीतरी कोणीतरी "हे माझ्यासोबत झालंय" असं म्हणतं. रॅगिंग असेल, छळ असेल. एका बैठकीत असं झालं तेव्हा मी चर्चा तशीच पुढे चालू दिली, आणि तीस जण एका मुलीच्या प्रसंगावर 'दोन्ही बाजू' तपासू लागले. ती पुन्हा आली नाही. तेव्हापासून नियम असा: खरी घटना आली की कागद उलटा करून ठेवा, चहा सांगा, आणि त्या व्यक्तीला एकटीला भेटा. रॅगिंगविरोधी समिती आणि अंतर्गत तक्रार समिती कुठे आहेत, लेखी तक्रार कशी द्यायची, लैंगिक छळाच्या बाबतीत साधारण तीन महिन्यांची मुदत असते, हे तुम्हाला तोंडपाठ हवं. केंद्राने चौकशी करायची नाही, तडजोड तर मुळीच घडवायची नाही. प्राचार्य कधी म्हणालेच, "तुमच्याकडेच मिटवून टाका", तर नम्रपणे नाही म्हणा.

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाईलबद्दल थोडक्यात: जिओटॅग फोटो, म्हणजे जागेची नोंद असलेला फोटो, लागतो, तो काढा, पण बैठक सुरू होण्याआधी. कॅमेरा समोर असला की मुलं पोस्टरवरची वाक्यं बोलतात.

आणि शेवटी ठराव करू नका. आम्ही आधी करायचो: 'सर्वांनी प्रामाणिक राहावे असे ठरले.' त्या प्रयोगशाळेच्या बैठकीतही कोणीतरी ठराव लिहायला घेतला होता, इतक्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने त्या मुलीला विचारलं, "पण तू मोजलंस कसं?" तिने बाकावर बोट आपटून दाखवलं: स्टॉपवॉच चालू, "एक..." तो म्हणाला, "थांब. तिथे शून्य म्हणायचं." वीस म्हणून तिने मोजलेली आंदोलनं एकोणीसच होती, म्हणून एका आंदोलनाचा वेळ कमी निघाला आणि गुरुत्वत्वरण जास्त. वीस भागिले एकोणीसचा वर्ग केला, तर किंमत वाढून बरोबर तिथेच येते. रीडिंग बसवलं असतं तर ही चूक तिला कधीच सापडली नसती.

भौतिकशास्त्राचे सर त्या दिवशी मागे उभे होते, काही बोलले नाहीत. रीडिंग बसवणं आमच्याकडे थांबलेलं नाही. पण प्रयोगशाळेत पेंडुलमच्या वर आता खडूने लिहिलेलं असतं: पहिल्या ठोक्याला शून्य म्हणा.