जर्मनीत घर मिळालं, पण ओटा कुठे आहे? सुट्या कपाटांचं स्वस्त स्वयंपाकघर

चार कोऱ्या भिंती, पाण्याच्या दोन तोट्या, सांडपाण्याचा एक पाइप आणि खाली भिंतीत एक पांढरी चौकोनी डबी. जर्मनीतल्या भाड्याच्या घरात स्वयंपाकघर म्हणून अनेकदा एवढंच हाती येतं. ओटा नाही, सिंक नाही, कपाट तर नाहीच. घर अर्धवट सोडलंय असं समजू नका. इथे बरेच भाडेकरू जाताना आपलं स्वयंपाकघर उचकटून सोबत नेतात. जाहिरातीत ‘ईबीके’ लिहिलं असेल तर आइनबाउक्यूशे आहे, म्हणजे स्वयंपाकघर घरासोबत मिळणार. ते लिहिलं नसेल तर ‘क्यूशे आहे का’ हे पहिल्याच फोनवर विचारा.

आधीचा भाडेकरू कधी कधी स्वयंपाकघर तिथेच ठेवून पैसे मागतो. त्याला आब्लोझे म्हणतात. भाव पटला तर हाच सगळ्यात स्वस्त मार्ग, कारण वाहतूक, कापाकापी, जोडणी, सगळंच वाचतं. पण दोन कागद हवेत. एक आधीच्या भाडेकरूशी केलेला खरेदीचा करार, त्यात कपाटं आणि यंत्रं एकेक करून लिहिलेली. दुसरी घरमालकाची लेखी संमती, की तुम्ही जाताना पुढच्या माणसाला ते विकू शकाल. ही संमती नसेल तर घर सोडताना रिकामं स्वयंपाकघर परत करायची जबाबदारी तुमच्यावर येते. सामानाच्या खऱ्या किमतीपेक्षा फारच जास्त मागत असेल तर कायदाही त्याच्या बाजूने नाही, तेव्हा घासाघीस करायला लाजू नका.

आब्लोझे नसेल आणि त्या घरात दोन-तीन वर्षंच काढायची असतील, तर भिंतीच्या मापाने बनवलेलं स्वयंपाकघर घेऊ नका. एका घरासाठी कापलेला ओटा दुसऱ्या घरात बसत नाही. सुटी कपाटं मात्र उचलून नेता येतात. दुकानात ती रंग बघून निवडली जातात आणि पस्तावा तिथेच सुरू होतो. पाणी कुठून येतं, वीज कुठे आहे आणि पुढून मागे किती खोल कपाट लागेल, यावरून कपाट ठरतं.

म्हणून किल्ली हातात आल्यावर आधी टेप घ्या, दुकान नंतर. भिंतीची लांबी खाली, मध्ये आणि कमरेच्या उंचीवर अशी तीनदा मोजा. जुन्या इमारतीत तिन्ही आकडे वेगळे येतात, त्यातला सगळ्यात लहान खरा धरा. खिडकीच्या कठड्याची उंची, हीटर भिंतीपासून किती पुढे येतो आणि दार कुठल्या बाजूला उघडतं हे लिहून ठेवा. सांडपाण्याचा पाइप कोपऱ्यापासून किती आणि जमिनीपासून किती, हे सेंटीमीटरमध्ये टिपा. सिंकचं कपाट त्याच्या समोरच यायला हवं. पाइप लांबवता येतो, पण त्याला उतार लागतो आणि तो शेजारच्या कपाटाच्या बाजूला भोकं पाडत जातो. जिन्याचं वळणही मोजा. दोन मीटर उंच कपाट दुकानात सडपातळ दिसतं, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकतं.

आता कपाटाच्या खोलीबद्दल, म्हणजे पुढून मागच्या मापाबद्दल, कारण नवीन आलेले सर्वांत जास्त इथे चुकतात. स्वस्त सुट्या कपाटांत बरीच ५० सेंटीमीटर खोल असतात, तर शेगडीसह ओव्हन, डिशवॉशर आणि नेहमीचा ओटा ६० सेंटीमीटरच्या हिशोबाने बनतात. ५० चं कपाट ६० च्या यंत्राशेजारी ठेवलं की यंत्र १० सेंटीमीटर पुढे येतं, आणि दोन्हींवरून एकच ओटाफळी टाकता येत नाही. उंचीचंही तसंच. सुटी यंत्रं साधारण ८५ सेंटीमीटर उंच असतात. कपाट ९१ चं निघालं तर मध्ये पायरी तयार होते. सगळं ६० खोल आणि ८५ उंच, एवढा एकच नियम धरून खरेदी करा. दुकानं बदलली तरी चालतील.

पैसे कमी असतील तर सुरुवात सिंकपासून करा. श्प्युलेनउंटरश्रांक म्हणजे सिंकखालचं कपाट, आणि त्यावर आउफलागेश्प्युले म्हणजे झाकणासारखी वर बसणारी स्टीलची सिंक. १०० × ६० चं माप घ्या, एका बाजूला भांडी निथळायला जागा मिळते. यात फळी कापावी लागत नाही, आणि हाच मोठा फायदा. ओट्यात भोक पाडून बसवलेल्या सिंकमध्ये कापलेली कड उघडी राहिली की पाणी आत शिरतं, भुशाची फळी फुगते आणि एकदा फुगली की परत बसत नाही. कापायचंच असेल तर कापलेल्या कडेला चारी बाजूंनी सिलिकॉन भरून मगच सिंक ठेवा. सिंकखाली ड्रॉवरवालं कपाट घेऊ नका, झीफोन, म्हणजे खालची वळणाची नळी, त्याला अडते.

नळ घेण्याआधी सिंकच्या जागी भिंतीवर किंवा खाली पाणी तापवायची छोटी टाकी आहे का, किंवा बसवायची आहे का, ते बघा. ती बिनदाबाची टाकी असेल तर नळही नीडरड्रुकचा, म्हणजे कमी दाबाचाच लागतो. त्याला दोनाऐवजी तीन नळ्या असतात. साधा दोन नळ्यांचा नळ लावला तर तापलेलं पाणी फुगायला वाट राहत नाही आणि टाकी फुटू शकते. दुकानात दोन्ही नळ शेजारी टांगलेले असतात आणि चेहऱ्याने जुळे दिसतात, तेव्हा खोक्यावरचा शब्द वाचा.

भिंतीतल्या तोटीला एकफेंटिल म्हणतात. नळाची नळी त्यातल्या बारीक तोंडाला बसते. डिशवॉशरला पाऊण इंची तोंड लागतं, त्यासाठी दोन तोंडांची जोड-तोटी वेगळी घ्यावी लागते. जुनी तोटी फिरत नसेल तर पान्याने जोर लावू नका. ती भिंतीतच तुटली तर खालच्या मजल्यावर पाणी उतरतं. हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याला कळवा. जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू पेपर रात्रभर ठेवा. सकाळी तो ओला दिसला तर सांधा पुन्हा घट्ट करा. आणि हाफ्टफ्लिष्ट विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, हे काम सुरू करण्याआधी काढा. भाड्याच्या घरातलं नुकसान त्यात येतं का, हे कागदावर तपासा.

ती पांढरी डबी शेगडीसाठी आहे. आत साधारण पाच तारा असतात, तीन फेज, एक न्यूट्रल, एक अर्थ. हे काम स्वतः करू नका. न्यूट्रल चुकली की २३० च्या यंत्रावर ४०० व्होल्ट येऊ शकतात, आणि आग लागली तर विमावाले पहिला प्रश्न हाच विचारतील की जोडणी कोणी केली. इलेक्ट्रिशियनचे पैसे बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा. ते परवडत नसेल तर तोपर्यंत साध्या सॉकेटवर चालणारी दोन प्लेटची शेगडी घ्या. सॉकेटला १६ अँपिअरची मर्यादा असते, म्हणजे जास्तीत जास्त ३६८० वॉट. शेगडी आणि पाण्याची किटली एकाच सर्किटवर लावली की फ्यूज उडू शकतो.

जुन्यात शेगडी घेताना एक फसवणूक होते, कित्येकदा विकणाऱ्यालाही ती माहीत नसते. आइनबाउहेर्डमध्ये, म्हणजे कपाटात बसवायच्या ओव्हन-शेगडीच्या जोडीत, शेगडीची बटणं खालच्या ओव्हनवर असतात. अशा ओव्हनपासून सुटी केलेली काच एकटी चालत नाही. ‘आउटार्क’ असं लिहिलेली काचच स्वतंत्र चालते. सगळ्यात सोपं म्हणजे श्टांडहेर्ड, म्हणजे शेगडी आणि ओव्हन एकाच उभ्या डब्यात, रुंदी ५० किंवा ६०. त्याला कपाटच लागत नाही. डिशवॉशर घेतानाही ‘फोलइंटेग्रिएर्ट’ टाळा. त्याला पुढे लावायला कपाटाचं दार लागतं आणि ते आपल्याकडे नसतं. जाता जाता, इंडक्शन घेणार असाल तर भारतातून आणलेल्या कुकरच्या बुडाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर तो कुकर तिथे चालणार नाही.

दोन सुट्या कपाटांमधल्या फटीत फोडणीचे शिंतोडे, पीठ आणि मोहरी बरोबर जाऊन बसतात. यावर उपाय म्हणून बाउमार्क्टमधून, म्हणजे घरबांधणीच्या सामानाच्या दुकानातून, एकच लांब ओटाफळी मापाने कापून घ्या आणि दोन-तीन कपाटांवर टाका. कापलेल्या टोकाला कडपट्टी चिकटवा. आधी कपाटांचे पाय फिरवून पाणसळीने पातळी जुळवा, मग खालून स्क्रू मारा. फळी २८ मिलिमीटर आणि कपाटाची पट्टी १६ मिलिमीटर असेल तर ३० मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. ५० चा मारला तर टोक ओट्यावर उगवतं.

आपली भांडीही विचारात घ्या. १० किलो तांदूळ, कणकेची गोणी, डाळींचे डबे आणि खलबत्ता, हे इथल्या कपाटवाल्याने गृहीत धरलेलं नसतं. खणाची फळी १६ मिलिमीटर जाड आणि ८० सेंटीमीटर रुंद असेल तर काही महिन्यांत मधून वाकते. जड सामानासाठी ६० किंवा त्याहून अरुंद कपाट घ्या आणि गोणी तळातच ठेवा. उंच कपाट वरून भिंतीला कोनाने जखडा. टांगती कपाटं हवीच असतील तर आधी भिंत ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर प्लास्टरबोर्ड आहे, त्यात साधा प्लग जड डब्यांचा भार पेलत नाही. टाइल्सवर भोक पाडावंच लागलं तर जोडावर पाडा, नंतर भरता येतं.

जुनं सामान क्लाइनआनत्साइगेन या जाहिरातींच्या वेबसाइटवर मिळतं, फुकटातलंही. ‘फाउबे’ (VB) लिहिलं असेल तर भावावर बोलता येतं. पैसे माल उचलतानाच द्या, आधी मागणाऱ्याला सोडून द्या. बघायला गेलात तर दारं नाही, सिंकखालचा तळ आणि खालच्या कडा बघा. बिजागरीच्या खोबणीत आणि मागच्या पातळ फळीमागे झुरळांची काळी टिंबं दिसली तर परत फिरा. कपाट खोलून आणू नका. भुशाच्या फळीत तोच स्क्रू तिसऱ्यांदा पकडत नाही. दारं आणि ड्रॉवर काढा, सांगाडा अखंड उचला. व्हॅन तासाच्या भाड्याने मिळते, मात्र भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं, तेही भाषांतरासह.

काढलेले स्क्रू, पाय आणि बिजागऱ्या एका पिशवीत घालून त्या-त्या कपाटाच्या आत चिकटपट्टीने लावून ठेवा, आणि पिशवीवर कपाटाचं नाव लिहा.