व्हॅलेंटाइनची ‘इको-फ्रेंडली’ भेट घेताय? आधी या चुका टाळा

मागच्या १४ फेब्रुवारीला मी बायकोला बांबूचा मग दिला. खोक्यावर हिरवं पान छापलेलं, रंग मातकट, आणि मी भुललो. चार दिवसांनी ती म्हणाली, "अरे, चहा ओतला की याला कसलातरी वास येतो." उपडा करून पाहिला, तर तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: बांबू फायबर, मेलामाइन.

‘बांबू’ वाचून खिशात हात घालणं

असले मग म्हणजे बांबूचा भुगा मेलामाइनच्या रेझिनमध्ये कालवून साच्यात दाबलेला असतो. थोडक्यात प्लास्टिकच. ना कुजतं, ना भंगारवाला घेतो. त्यात गरम चहा-कॉफी ओतली की मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड ही अपायकारक रसायनं पेयात उतरू शकतात, असा इशारा जर्मनीच्या सरकारी संस्थेने २०२० मध्ये दिला होता. पुढच्याच वर्षी युरोपीय संघाने अशी भांडी बाजारातून हटवण्याची मोहीम काढली.

‘बांबूचे’ मोजे, टॉवेल आणि चादरी यांचंही तसंच. बहुतेकदा ते व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्याचा धागा काढतात आणि त्यात कार्बन डायसल्फाइडसारखं विषारी द्रव्य वापरलं जातं. अमेरिकेत व्हिस्कोसला ‘बांबू’ म्हणून विकल्याबद्दल २०२२ मध्ये दोन मोठ्या दुकान-साखळ्यांवर मिळून ५५ लाख डॉलरचा दंड बसला.

बांबूच हवा असेल तर बुरुडाकडे जा. पुण्यात त्यांच्या नावाची अख्खी आळी आहे. तिथल्या टोपलीत बांबू सोडून दुसरं काही नसतं आणि ती वर्षानुवर्षं टिकते.

गुलाबाला दोष देऊन गुच्छाकडे दुर्लक्ष करणं

"फुलं तोडणं पर्यावरणाला वाईट" असं म्हणत कुणी कापडी, म्हणजे पॉलिएस्टरचा, गुलाब आणतं. तो कधीच कोमेजत नाही, हीच तर अडचण आहे.

मावळात, तळेगावच्या आसपासच्या पॉलिहाउसमध्ये या एका दिवसासाठी डिसेंबरमध्येच छाटणी होते. जानेवारीअखेर लांब दांड्यांचा माल परदेशी जायला लागतो आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यानंतर आपल्या बाजारांत येतो. त्या शेतीत खतं, फवारणी, शीतगृह सगळं आहे, ते नाकारत नाही. पण पुण्या-मुंबईच्या माणसाला हा गुलाब जवळचा आहे, आणि फूल शेवटी मातीतच जातं. जात नाही ते त्याच्याभोवतीचं लटांबर: चकचकीत फिल्म, कागद वाटणारं नॉन-वोव्हन (तेही पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिक), चमकी, प्लास्टिकची रिबन आणि टोपलीतल्या सजावटीखाली दडलेला तो हिरवा फोम. हा फोम बोटाने दाबला तरी भुगा होतो, आणि तो भुगा प्लास्टिकचा असतो.

फुलवाल्याला सरळ सांगा: "सुटी फुलं द्या, सुतळीने बांधा, वर्तमानपत्रात गुंडाळा." थोडा हिरमुसतो, पण देतो. आणि खरं सांगू? पानात बांधलेल्या गजऱ्यापुढे हे सगळे गुच्छ फिके आहेत. दोरा, फुलं, पान. संपलं.

घरी आल्यावर गुलाबाने मान टाकली तर फेकू नका. दांड्यात हवा अडकून पाणी वर चढेनासं झालेलं असतं. खालची पानं काढा, दांडा पाण्यात बुडवून दोनेक सेंटिमीटर तिरका कापा आणि वर्तमानपत्रात ताठ गुंडाळून कोमट, खोल पाण्यात दोन तास उभा ठेवा. बहुतेक फुलं सावरतात.

‘हवा शुद्ध करणारं’ रोप देणं

हा दावा निघाला १९८९ च्या नासाच्या प्रयोगातून, आणि तो प्रयोग हवाबंद पेटीतला होता. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला. नुसत्या खिडक्या-दारांतून जेवढी हवा खेळते, तेवढा परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान दहा रोपं लागतील, कदाचित हजारही. म्हणजे बेडरूममध्ये माणसाला जागा उरणार नाही. रोप द्या, पण आवडतं म्हणून द्या. घरात मांजर असेल तर लिली चुकूनही नको. मांजरासाठी ती जीवघेणी विषारी असते.

आणि रोप मरतं ते बहुधा प्रेमानेच. सुंदर चिनी मातीच्या कुंडीला खाली भोक नसतं, रोज पाणी घातलं जातं, मुळं कुजतात. पानं पिवळी आणि माती ओली दिसली तर पाणी थांबवा आणि भोक असलेल्या कुंडीत हलवा. गुलाबाचं कलम दिलं असेल तर डोळा भरलेल्या जागेच्या (म्हणजे कलमाच्या जोडाच्या) खालून येणारी जोमदार फूट लगेच खुडा. ती खालच्या रानटी खुंटाची असते, आणि वाढू दिली तर वर्षभराने तुमचा लाल गुलाब गायब झालेला असतो.

बियांचं ग्रीटिंग ड्रॉवरमध्ये जपून ठेवणं

हे कार्ड म्हणजे कागदातच बिया घातलेलं, पेरायचं ग्रीटिंग. पण बिया म्हाताऱ्या होतात. कार्ड वाचून झालं की फाडा, काही तास भिजवा, मातीवर पसरा आणि वर अगदी पातळ थर द्या. खोल पुरलं की उगवत नाही. उगवेपर्यंत माती सुकू देऊ नका.

सजावटीत घसरणं

फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, सजावटीचं थर्माकोल, मिठाईच्या खोक्यावरची प्लास्टिक फिल्म यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तरी दुकानात मिळतात, म्हणून घ्यायच्या नसतात. कापडी पिशवीत भेट देताय? डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये काढलेल्या हिशोबानुसार, फक्त हवामानाचा विचार केला तरी साधी सुती पिशवी निदान ५२ वेळा वापरावी लागते, तेव्हा कुठे ती दुकानातल्या साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. तिच्याकडे आधीच सात असतील तर आठवी नको. जुन्या साडीच्या तुकड्यात बांधा.

न विचारता घेणं

आम्हाला वाटतं, विचारलं की सरप्राइज गेलं. मग कपाटात न वापरलेल्या ‘हिरव्या’ वस्तूंची रांग लागते: स्टीलचे स्ट्रॉ, लाकडी टूथब्रश, सोया मेणबत्त्या. त्यांतली एकही तिने मागितली नव्हती.

तो मग आता टेबलावर पेनं ठेवायला आहे. यंदा मी आधीच विचारलं. ती म्हणाली, "आईचं घड्याळ तीन वर्षं बंद पडलंय. लक्ष्मी रोडला नेऊन दुरुस्त करून आण, आणि पट्टा तपकिरी घाल."