सोमवार रात्रीचे युद्ध : ‘रॉ’ आणि ‘नायट्रो’ जोडीने कसे पाहावे

अमेरिकेतील व्यावसायिक, म्हणजे निकाल आधीच ठरवून दाखवल्या जाणाऱ्या, कुस्तीच्या दोन कंपन्यांनी, म्हणजे ‘रॉ’ हा कार्यक्रम करणाऱ्या व्हिन्स मॅकमॅहन यांच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने आणि ‘नायट्रो’ करणाऱ्या टेड टर्नर यांच्या डब्ल्यूसीडब्ल्यूने, सप्टेंबर १९९५ ते मार्च २००१ या काळात सोमवारच्या रात्री एकमेकींचे प्रेक्षक पळवण्याचा जो उद्योग केला, तो समजून घ्यायला बहुतेक जण गाजलेल्या लढतींच्या यादीपासून सुरुवात करतात. माझ्या मते ती सुरुवातच चुकते. या स्पर्धेतला प्रत्येक डाव समोरच्या चॅनेलवर त्याच घटकेला काय चालले आहे हे पाहून टाकलेला असे, आणि एकाच बाजूचे भाग ओळीने पाहिले तर त्यातले निम्मे डाव निव्वळ वेडेपणा वाटतात. म्हणून कंपनी निवडू नये, तारीख निवडावी आणि त्या रात्रीचे दोन्ही भाग शेजारी शेजारी लावावेत.

सरावासाठी ११ सप्टेंबर १९९५ ही तारीख चांगली. त्याआधीच्या सोमवारी, ४ तारखेला, टीएनटी चॅनेलवर ‘नायट्रो’चा पहिला भाग मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकामधून झाला होता, पण त्या रात्री टेनिसमुळे ‘रॉ’ नव्हताच, त्यामुळे समोरासमोरची पहिली गाठ ११ तारखेलाच पडली. या भागात ‘नायट्रो’चे कर्तेधर्ते एरिक बिशॉफ यांचे समालोचन कान देऊन ऐकावे. ‘रॉ’चे भाग बरेचदा आधीच चित्रित करून ठेवलेले असत, ‘नायट्रो’ मात्र थेट चाले. या फरकाचा फायदा घेऊन बिशॉफ ‘रॉ’मधल्या लढतीचा निकाल, ती दिसण्याआधीच, आपल्या प्रेक्षकांना सांगून टाकतात. पुढे कोणताही भाग पाहताना पहिला प्रश्न हाच विचारावा : हा थेट आहे की साठवणीतला?

या प्रश्नाचे सर्वांत मजेदार उत्तर १७ नोव्हेंबर १९९७ रोजी मिळते. मल्ल रिक रूड त्या रात्री दोन्ही चॅनेलांवर दिसतात. ‘नायट्रो’वर ते थेट येतात तेव्हा त्यांना फक्त मिशी आहे, आणि आधी चित्रित केलेल्या ‘रॉ’मध्ये त्याच माणसाला चांगली भरघोस दाढी आहे. ही दाढी-मिशी शेजारी शेजारी पाहिली की त्या काळातली करारांची ढिलाई आणि चित्रणाचे वेळापत्रक यांवर वेगळे काही वाचावे लागत नाही.

घड्याळे जुळवणे हे यातले कटकटीचे काम. संग्रहातल्या भागांतून जाहिराती काढलेल्या असतात, त्यामुळे दोन्ही भाग एकदम सुरू केले तरी अर्ध्या तासात ते एकमेकांपासून सरकतात. शिवाय जानेवारी १९९८पासून ‘नायट्रो’ तीन तासांचा झाला, तर ‘रॉ’ दोन तासांचाच राहिला, म्हणजे ‘नायट्रो’चा पहिला तास मोकळ्या मैदानात जाई. म्हणून सुरुवात जुळवण्याच्या नादी न लागता ‘नायट्रो’चा नवा तास सुरू झाल्याची खूण शोधावी आणि तिथून ‘रॉ’ लावावा. मिनिटे तंतोतंत जुळणार नाहीत. पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे जुळले तरी पुरे, कारण कंपन्यांची माणसेही पाव-पाव तासाच्या आकड्यांवरच डोळे लावून बसत.

रेटिंग वाचताना एवढेच ध्यानात ठेवावे की तो घरांच्या टक्केवारीचा आकडा आहे, माणसांचा नव्हे, आणि समोर दुसरा कार्यक्रमच नसलेल्या आठवड्याचा आकडा तुलनेत धरू नये.

आता मुख्य तारखा. मे आणि जून १९९६मध्ये स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश हे डब्ल्यूडब्ल्यूएफचे ओळखीचे चेहरे ‘नायट्रो’वर असे अवतरले, की जणू समोरच्या कंपनीनेच चाल केली आहे, जुलैत हल्क होगन खलनायक होऊन त्यांना मिळाले आणि एनडब्ल्यूओ ही टोळी तयार झाली. त्यानंतर ८०हून अधिक आठवडे ‘नायट्रो’ सलग पुढे राहिला. ही साखळी १३ एप्रिल १९९८ रोजी तुटली. त्या रात्री ‘रॉ’ने मल्ल स्टीव्ह ऑस्टिन आणि खुद्द मालक मॅकमॅहन यांची लढत जाहीर केली होती. नोकराने मालकाला बदडावे ही इच्छा कोणत्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागते?

मात्र एकच रात्र पाहायला वेळ असेल, तर ४ जानेवारी १९९९ निवडावी. ‘रॉ’ सहा दिवस आधीच चित्रित झाला होता, म्हणून ‘नायट्रो’वर समालोचक टोनी शियावोनी यांनी ‘रॉ’मध्ये मल्ल मिक फोली अजिंक्यपद जिंकणार असल्याचे कुत्सितपणे सांगून टाकले. तीन वर्षांपूर्वीचाच डाव, पण या वेळी उलटला : निकाल ऐकून असंख्य लोकांनी चॅनेल बदलले, कारण त्यांना फोलींचा विजय पाहायचाच होता. इकडे ‘नायट्रो’ चालू असलेल्या जॉर्जिया डोममध्ये होगन यांनी नॅश यांच्या छातीला एक बोट लावले, नॅश आडवे झाले आणि अजिंक्यपदाचा पट्टा हातचा गेला. दोन्ही शेवट ओळीने पाहावेत आणि मल्लांपेक्षा प्रेक्षकांकडे जास्त लक्ष द्यावे. एकीकडे लोक खुर्च्यांवरून उडालेले दिसतात, तर दुसरीकडे आपण फसवले गेलो हे भरलेल्या सभागृहाला कळताना दिसते. आकडे साधारण ‘रॉ’ ५.७ विरुद्ध ‘नायट्रो’ ५.० असे आले. या एका रात्रीने डब्ल्यूसीडब्ल्यू बुडाली असे म्हणण्याची पद्धत आहे, पण त्यावर फार विसंबू नये; आवाक्याबाहेरचे करार, वरचेवर बदलणारे कर्तेधर्ते आणि नव्या मल्लांना अडवून धरणारे जुने तारे ही दुखणी आधीपासूनची होती.

इथे एक सावधगिरी. २००१मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूची नाममुद्रा आणि चित्रफितींचा साठाही मॅकमॅहन यांच्याच कंपनीने घेतला. त्यामुळे या युद्धाचा जो अधिकृत इतिहास नंतर सांगितला गेला, तो विजेत्याने हरलेल्याच्या कपाटातून काढून सांगितलेला आहे. मूळ भाग आधी पाहावेत आणि निवेदन नंतर ऐकावे.

शेवटी २६ मार्च २००१चा भाग लावावा. ‘नायट्रो’ फ्लोरिडातल्या पनामा सिटी बीचवरून चालू आहे, ‘रॉ’ क्लीव्हलँडहून. स्टिंग आणि रिक फ्लेअर यांची अखेरची लढत आटोपते आणि शेन मॅकमॅहन ‘नायट्रो’च्या रिंगणात उभे राहतात, तर त्यांचे वडील ‘रॉ’च्या. इथे घड्याळे जुळवण्याची गरज उरत नाही, कारण दोन्ही चॅनेलांवर एकच चित्र दिसते आहे. दोनपैकी कोणताही एक पडदा बंद केला तरी चालतो.