झटक्यानंतर बोलणं अडलेल्या माणसाशी घरात कसं बोलावं

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, निपाणीला तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. मेंदूच्या झटक्यात त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि बोलणंही अडलं. डॉक्टर याला अफेजिया म्हणतात. भाषा सांभाळणारा भाग बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतो, तो दुखावतो. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी 1861 पासून हे मांडलं. शब्द सापडत नाहीत म्हणून माणूस खुळा होत नाही. "आता ह्यांना काय कळतंय?" असं त्यांच्यासमोरच बोलणाऱ्या पाहुण्यांना तिथल्या तिथे गप्प करा.

बोलायला बसताना टीव्ही बंद करा, समोर बसा. "काय खाणार?" असं मोघम विचारू नका. "भाकरी की भात?" विचारा आणि दोन्ही दाखवा. मग थांबा. हे थांबणंच सगळ्यात अवघड. मामांचे ओठ हलतात, कपाळावर आठ्या येतात, आणि शेजारचा कुणीतरी शब्द पुरवून मोकळा होतो. तसं करू नका, त्यांनी नजरेनं मदत मागितली तरच पुरवा. 'हो' आणि 'नाही' यांची अदलाबदल होते, म्हणून अंगठा वर की खाली, हेही बघून घ्या.

काहींचं उलट असतं. बोलणं भराभर येतं पण अर्थ लागत नाही, ऐकलेलंही नीट उमगत नाही. तिथे वाक्यं आणखी छोटी ठेवा आणि हातवारे जास्त करा.

आमच्याकडे घरात मराठी, बाजारात कन्नड. मामांना तहान लागली की कधी आधी 'नीरु' येतं. येऊ द्या, पाणी द्या. "मराठीत सांगा" म्हणून अडवू नका. कुठली भाषा आधी परतेल याचा नेम नाही. स्पीच थेरपिस्टला मात्र दोन्ही भाषा सांगा, एकाच भाषेत तपासलं तर चित्र अर्धंच दिसतं.

स्वतःचं नाव सांगताना मामांना घाम फुटतो, पण गणपतीची आरती लागली की ओळीच्या ओळी येतात. अंक, वार, आरत्या पाठ असल्यामुळे बऱ्याचदा शाबूत राहतात. रोज एकत्र म्हणा, शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडा.

उशाशी एक वही ठेवा. त्यात गोळी, चहा, संडास, चष्मा, नातवंडं यांची चित्रं आणि फोटो चिकटवा, बोट ठेवून सांगता येतं.

बोलणं पुन्हा अचानक बिघडलं, तोंड वाकडं झालं, हात गळाला, तर वेळ लिहून ठेवा आणि लगेच 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.