कमानीचा जाम बोल्ट काढून बुश कसा बदलावा

जुन्या ट्रकच्या कमानीचा, म्हणजे चाकांवरच्या पाट्यांच्या स्प्रिंगचा, बोल्ट निघत नसला की ठरलेला सल्ला मिळतो: तेल सोडा, पान्याला लांब पाइप लावा आणि जोर काढा. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मी तेच करत बसलो. नट तासाभरात सुटला, पण बोल्टापायी सगळा दिवस गेला आणि शेवटी चेसिसचा ब्रॅकेट वाकवून बसलो. बोल्ट आट्यांत अडकलेला नव्हताच. तो नेमका कुठे अडकतो हे कळलं असतं, तर त्या दिवशी हातोडा एवढा चालवलाच नसता.

कमानीच्या टोकाला बोल्टाभोवती जो रबरी जोड असतो तो बुश. त्याची रचना समजून घ्या. बाहेर लोखंडी कवच असतं, ते पाट्याच्या टोकाला वळवलेल्या गोल डोळ्यात घट्ट ठोकलेलं असतं. मधे रबर आणि रबराच्या पोटात एक लोखंडी नळी. बोल्ट या नळीतून जातो. नट आवळला की ब्रॅकेटचे दोन्ही कान, म्हणजे डोळ्याच्या दोन बाजूंच्या पट्ट्या, नळीला चिमटीत धरतात. नळी जागची हलत नाही आणि कमान खालीवर होते तेव्हा फक्त रबर पिळलं जातं. बोल्ट आणि नळी यांच्यात अगदी बारीक फट राहते. वर्षानुवर्षं तिच्यात पाणी, चिखल, मीठ शिरतं आणि गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो फटीत पाचर ठोकल्यासारखा बसतो. बोल्ट आणि नळी मिळून एकच दांडा होतो.

ओळखायची खूण सोपी आहे. नट काढून टाका आणि बोल्टाचं डोकं पान्याने फिरवून बघा. बोल्ट थोडा फिरला आणि पाना सोडताच मागे आला, तर तो नळीला चिकटलेला आहे. जे फिरतंय ते रबर आहे. मग पाइप कितीही लांब लावा, तुम्ही फक्त रबर पिळत राहाल.

काम हातात घेण्याआधी

बुश खरंच गेलाय का, हे आधी बघा. पहारीने डोळा आणि ब्रॅकेट यांच्यात हलका रेटा दिला की झिजलेला बुश लगेच खेळतो. रबराला भेगा असतात, ते बाहेर आलेलं असतं, किंवा नळी मध्यावरून एका बाजूला सरकलेली दिसते. खड्ड्यात खाडकन आवाज येणं किंवा ब्रेक मारताना मागचा भाग एका बाजूला ओढला जाणं, ही लक्षणं चालवतानाच कळतात.

नवे बोल्ट, नट आणि बुश हातात आल्याशिवाय नट सैल करू नका. जुना बोल्ट बहुधा कापावा लागतो. नवा त्याच ताकदीचा घ्या. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा ताणाची ताकद सांगतो (८ म्हणजे ८०० मेगापास्कल) आणि दुसरा सांगतो की त्याच्या किती टक्क्यांवर बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो (८ म्हणजे ८० टक्के). १०.९ च्या जागी ८.८ चालणार नाही. गंज नको म्हणून स्टेनलेसचा बोल्ट लावा असंही सुचवलं जातं. ते ऐकू नका. नेहमी मिळणारा ए२-७० जातीचा स्टेनलेस बोल्ट ७०० मेगापास्कलचा असतो, म्हणजे ८.८ पेक्षाही कमजोर.

गाडी उचलताना स्टँड चेसिसखाली, जॅक ॲक्सलखाली आणि जमिनीवरच्या चाकांना ठोकळे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली एक मिनिटही जाऊ नका. ॲक्सलखालचा जॅक थोडा थोडा वरखाली करून अशी उंची शोधा, जिथे बोल्टावर वरून किंवा खालून रेटा उरणार नाही. ॲक्सल नुसता लोंबत ठेवला तर त्याचं सगळं वजन त्याच बोल्टाला लटकतं.

आणखी एक गोष्ट बघून घ्या. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या कमानीचा पुढचा बोल्ट डिझेल-पेट्रोलच्या टाकीच्या बाजूने घातलेला असतो. तिथे तो बाहेर ओढायला जागाच नसते. मग टाकी खाली घ्यावी लागते किंवा बोल्ट कापावा लागतो. हे आधीच ठरवा.

नट

आदल्या संध्याकाळी ब्रशने आटे साफ करून गंज सोडवणारं तेल सोडा. दुसऱ्या दिवशी सहा कोनांचा सॉकेट लावा, कारण बारा कोनांचा सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करतो. आधी किंचित आवळा, मग सोडा. इम्पॅक्ट गन असेल तर उत्तम. नट अडला तर जबरदस्ती न करता पुढेमागे करत काढा.

बोल्ट

खरं काम इथून सुरू होतं.

तेलाने फायदा होईल ही आशा ठेवू नका. नळी दोन्ही टोकांना ब्रॅकेटच्या कानांत दाबून बसलेली असते. तेल फार तर टोकाशी काही मिलिमीटर शिरतं, तर पकड नळीच्या पूर्ण लांबीवर असते.

गॅसची ज्योत मी या ठिकाणी वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नका. नुसता नट तापवणं वेगळं, पण बुश तापवला की रबर पेटतं, जळते थेंब खाली पडतात आणि धूर विषारी असतो. जवळच ब्रेकचे पाइप आणि इंधनाची टाकी असते. गॅस भरलेला शॉक ॲब्सॉर्बर तापला तर फुटू शकतो. एवढा धोका पत्करूनही नळीतली पकड सुटेलच असं नाही, कारण नळीबरोबर बोल्टही तापून फुगतो.

आता हातोडा. माझा ब्रॅकेट यानेच वाकला. बोल्ट नळीला चिकटलेला असताना त्याच्या टोकावर घाव घातला, तर जोर बोल्टातून नळीत जातो आणि नळी समोरच्या कानावर आदळते. तुम्हाला वाटतं बोल्ट सरकतोय, पण प्रत्येक घावाला कान बाहेर वाकत असतो. माझ्या लक्षात आलं तेव्हा कान चांगलाच बाहेर गेला होता. तो सरळ करायला मोठा क्लॅम्प लावावा लागला आणि नंतर भेग पडली नाही ना, हे तपासण्यात आणखी वेळ गेला. म्हणून नियम ठेवा: नट टोकाशी सपाट बसवून, म्हणजे आटे वाचतील, दहा-बारा घाव घाला. मधे मधे डोकं पान्याने पुढेमागे फिरवा. एवढ्यात बोल्ट सरकला तर छान. नाही सरकला तर हातोडा ठेवून द्या आणि कापायला घ्या. ‘अजून थोडं ठोकून बघू’ म्हणत राहिलात की ब्रॅकेट गेलाच.

कापायचं ते पाट्याचा डोळा आणि ब्रॅकेटचा कान यांच्यामधल्या फटीत. तिथे नळीचं टोक थोडं बाहेर आलेलं असतं. नळी आणि तिच्यातला बोल्ट एकत्रच कापायचे, दोन्ही बाजूंना. पहारीने डोळा एका बाजूला रेटून फट मोठी करा, तिथे कापा, मग दुसऱ्या बाजूला रेटा. यासाठी पुढेमागे चालणारी पॉवर करवत घ्या. ग्राइंडर नको. त्याची चकती फटीत मध्यापर्यंत पोचत नाही, कानाला खाचा पाडते आणि ठिणग्या टाकीकडे उडतात. कडक बोल्टासाठी कार्बाइड दातांचं पातं लावा, साध्या पात्याचे दात दोन मिनिटांत गुळगुळीत होतात. वेग कमी ठेवा, दाब स्थिर ठेवा, अधूनमधून तेलाचा थेंब सोडा. पातं लाल दिसायला लागलं तर वेग जास्त आहे. डोळ्यांवर चष्मा हवाच.

दुसऱ्या बाजूचा काप संपत आला की थांबून जॅक पुन्हा बघा. बोल्ट तुटताच डोळा झटक्याने खाली किंवा पुढे सरकू शकतो. त्या क्षणी फटीत बोटं असतील तर जातील. कापून झाल्यावर कानांत उरलेले तुकडे हाताने निघतात. एवढा वेळ ज्याच्याशी झगडत होतो तो बोल्ट ब्रॅकेटमध्ये मुळी अडकलेलाच नव्हता, हे तेव्हा दिसतं.

जुना बुश

जाळून काढू नका. रबरात ड्रिलने भोकं पाडली की मधली नळी निघते. उरलेल्या कवचाच्या आत हॅकसॉचं पातं घालून एक उभी चीर द्या, मग छिन्नीने कड आत वळवा, कवच सैल पडतं. चीर कवचापुरतीच हवी. डोळ्याच्या पोलादावर ओरखडा पडला तर पुढे तिथूनच पाटा तडकतो. शेवटचे काही घासे हलक्या हाताने मारा. मग डोळा पॉलिश पेपरने साफ करून भेगा नाहीत ना बघा.

नवा बुश

जाड आट्यांची सळई, दोन नट, जाड वायसर आणि योग्य मापाचे सॉकेट एवढ्यावर घरगुती प्रेस होतो. दाब फक्त बाहेरच्या कवचावर द्या. नळीवर दिला तर रबर बसण्याआधीच फाटतं. तिरका शिरत असेल तर मागे घेऊन पुन्हा सरळ लावा. रबराला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, ते फुगून कुजतं. साबणाचं पाणी पुरे. रबराऐवजी पॉलियुरेथेनचा (कडक प्लास्टिकसारखा) बुश असेल तर त्याच्यासोबत आलेलं ग्रीसच वापरा.

शॅकलकडचे (कमानीचं दुसरं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या दुव्याकडचे) बुशही याच पद्धतीने निघतात, फक्त तिथे जागा मोकळी असते. एका बाजूचे बदललेत तर दुसऱ्या बाजूचेही बदला. कमान ॲक्सलला बांधणारे यू बोल्ट सोडले असतील तर ते नवेच लावा, एकदा ताणलेले पुन्हा वापरू नका.

बोल्ट आवळताना

नळीत जाणाऱ्या बोल्टाच्या गुळगुळीत भागाला अँटीसीझचा, म्हणजे गंजून चिकटू न देणाऱ्या लेपाचा, पातळ थर द्या. आटे कोरडे आणि स्वच्छ ठेवा. आट्यांना ते लागलं तर घर्षण कमी होतं, आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कवरच (आवळण्याच्या जोरावरच) बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

आता नट फक्त हाताने बसवा, आवळू नका. चाकं लावा, गाडी जमिनीवर घ्या, दोन-तीनदा दाबून हलवा आणि मगच टॉर्क पान्याने शेवटचं आवळा. पुष्कळजण गाडी हवेत असतानाच आवळून मोकळे होतात. तेव्हा कमान लोंबलेली असते आणि नळी त्याच स्थितीत पकडली जाते. गाडी खाली आली की रबर उभ्या गाडीतही पिळलेलं राहतं आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतं. वर्षानुवर्षं टिकायला हवेत असे बुश काही महिन्यांत फाटतात आणि दोष मालाला दिला जातो. पॉलियुरेथेनमध्ये नळी मोकळी फिरते म्हणून तिथे हे तितकं नडत नाही. पण रबराच्या बाबतीत यात सूट नाही.

पहिले काहीशे किलोमीटर चालवून झाले की सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. यू बोल्ट नवे असतील तर ते आधी बघा, कारण पाटे एकमेकांवर नीट बसले की तेच सर्वांत आधी सैल होतात.